मर्सिडीज एसएलच्या छतातून टपकणारं ऑइल: नवा सिलिंडर, सील किट की रिबिल्ड सेवा?

‘आर१२९’ या सांकेतिक नावाची मर्सिडीज एसएल, ही उघडणाऱ्या छताची गाडी, १९८९ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आली आणि २००१ पर्यंत बनत राहिली. म्हणजे यातली शेवटची गाडीसुद्धा आता विशी केव्हाच ओलांडून बसली आहे. इंजिन आणि बॉडी यांच्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. कापडी छत उघडणारी-मिटणारी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी यंत्रणा, मात्र गळते. न गळणारी गाडी दिसली, तर ती बहुतेक आधी गळून दुरुस्त झालेली असते. जुनी एसएल आज अमेरिकेत आणि युरोपात हौशी माणसाच्या आवाक्यात मिळते, आणि ती घेणाऱ्याला हा खर्च धरूनच भाव करावा लागतो.

यावर तीन रस्ते आहेत: मर्सिडीजचा नवा सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने रॉड पुढेमागे ढकलणारी नळी; बाजारातलं सील किट, म्हणजे त्या नळीतून ऑइल बाहेर पडू न देणाऱ्या रिंगांचा संच; आणि सिलिंडर काढून पाठवायची रिबिल्ड सेवा. निकाल आधीच सांगून टाकतो. छताचे सगळे सिलिंडर एकदम रिबिल्ड करून घेणं हाच फायद्याचा सौदा. सील किट चांगलं आहे, पण ज्याचा हात बसला आहे त्याच्यासाठी. गळला तेवढाच एक सिलिंडर नवा घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आणि गळती थांबवण्याचा दावा करणारं जे द्रव्य बाटलीतून हायड्रॉलिक ऑइलच्या टाकीत ओततात, त्याच्या वाटेला जाऊच नये.

गळती कुठून आणि का

आधी सनव्हायझरवर तेलकट डाग पडतो. छताची पुढची कड विंडस्क्रीनच्या चौकटीवर ओढून धरणारे दोन छोटे सिलिंडर त्या चौकटीतच, डावी-उजवीकडे बसवलेले आहेत. त्यांची सील गेली की ऑइल आतल्या आवरणात, म्हणजे ट्रिममध्ये, झिरपतं, तिथून व्हायझरवर आणि मग ड्रायव्हरच्या मांडीवर. दुसरी नेहमीची जागा म्हणजे मागचं झाकण, ज्याच्याखाली छत घडी होऊन बसतं, त्याच्या लॉकचे आणि ते उचलणारे सिलिंडर. तिथलं ऑइल कापडाच्या घडीत मुरतं, म्हणून उशिरा कळतं. छत मिटताना चाल मंदावली, पंपाचा सूर चढा झाला, छत अर्ध्यावर थांबलं, की समजायचं टाकी रिकामी होत आली आणि पंप ऑइलसोबत हवाही ओढतोय.

कारण जवळपास प्रत्येक वेळी एकच: मूळ सील पॉलियुरेथेनची आहेत आणि ती वयाने मरतात. वापर कमी असला म्हणून वाचत नाहीत. सिलिंडर उघडला की हे डोळ्यांनी दिसतं. रॉडभोवतीचं सील तपकिरी पडलेलं असतं, टोकदार सळीने, म्हणजे पिकने, टोचलं तर वाकत नाही, तुकडा पडतो, आणि बोटांत धरून दाबलं की भुगा होतो. हा भुगा फक्त गळती करून थांबत नाही, तो ऑइलबरोबर फिरून पंपाजवळच्या व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकतो.

यातूनच सगळ्या खर्चाचं गणित ठरतं. सगळी सील एकाच वयाची, एकाच मालाची, एकाच ऑइलमध्ये भिजलेली. पुढचा सिलिंडर आज गळला, तर मागचे त्याच वाटेवर आहेत. एकच बदलला की दोन-चार महिन्यांत पुन्हा ट्रिम उघडणं आलं, आणि या गाडीत प्लॅस्टिकच्या जुन्या क्लिपा दर वेळी थोड्या तुटतात.

गळती नक्की कुठली हे ठरवायला टिश्यू पेपर पुरतो. सिलिंडर, रॉड आणि पाइपचं टोक कोरडं पुसायचं, पांढरा टिश्यू गुंडाळायचा, छत एकदा उघडून मिटायचं. ओल रॉड जिथून बाहेर येतो तिथे असेल तर रॉडचं सील गेलं. पाइप बसतो तिथे असेल तर नुसती ओ-रिंग, म्हणजे रबराची साधी गोल रिंग, आणि मग सिलिंडर उघडायची गरजच नाही. बाहेर थेंब नाही पण सिलिंडर जोर धरत नाही, असं असेल तर आतल्या दट्ट्याचं सील ऑइल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सोडतंय. हे तीन प्रकार वेगळे न करता ‘हायड्रॉलिक गेलं’ म्हणून पंपाचं बिल लावणारं गॅरेज दिसलं, तर गाडी परत घेऊन या. पंप क्वचित जातो. गेला तर बहुतेक वेळा तो कमी ऑइलवर तसाच चालवल्यामुळे जातो.

नवा सिलिंडर

वस्तू म्हणून यात खोट काढता येत नाही. फिटिंग अचूक, सील ताजी, बसवायला सोपा. पण किंमत एका सिलिंडरसाठी रिबिल्डच्या कितीतरी पट, आणि सगळा संच नवा घ्यायचा हिशेब केला तर जुन्या गाडीच्या बाजारभावाशी तुलना सुरू होते. शिवाय वर्षानुवर्षं गोदामात पडलेला ‘नवा’ सिलिंडर मिळाला, तर त्यातलं सीलही तेवढ्याच वर्षांचं असतं. पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नये. नव्याला अर्थ एकाच ठिकाणी आहे: रॉड वाकला असेल, किंवा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर खोल ओरखडा असेल. नवं सील ओरखड्यावर टिकत नाही.

सील किट

किट घेताना पाकिटावरच्या चित्रापेक्षा आत काय आहे ते बघा. एका सिलिंडरला लागतं ते असं: रॉडचं ओठवालं सील, म्हणजे ज्याला सीलवाले यू-कप म्हणतात ते; धूळ अडवणारा वायपर; सिलिंडरच्या तोंडावरच्या ग्लँडची, म्हणजे रॉड ज्यातून जातो त्या बुचाची, बाहेरची ओ-रिंग; दट्ट्याचं सील; आणि पाइपांच्या टोकांच्या ओ-रिंगा. स्वस्त किटांमध्ये यू-कपच्या जागी साधी ओ-रिंग दिलेली असते. ती बसते, दोन-चार दिवस चालतेही, पण पुढेमागे सरकणाऱ्या रॉडवर शंभर बारच्या वरचा दाब आला की गोल ओ-रिंग खाचेत पिळवटते आणि तिच्या कडेचे लचके निघतात. यू-कपचा ओठ दाबाने स्वतःच रॉडला चिकटतो, ते काम ओ-रिंगचं नाही. असं किट फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मालाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण विक्रेता इथेच गोल-गोल बोलतो. नायट्राइल रबर खनिज ऑइलमध्ये चालतं आणि स्वस्त असतं, पण विंडस्क्रीनची चौकट उन्हात तापते आणि सततच्या उष्णतेने नायट्राइल कडक होतं. एफकेएम, ज्याला बाजारात वायटॉन म्हणतात, ते उष्णता आणि ऑइल दोन्ही पचवतं आणि लवकर म्हातारं होत नाही. त्याचा दोष एवढाच की ते पॉलियुरेथेनइतकं चिवट नाही. खाच थोडी सैल असेल तर दाबाखाली फटीत घुसतं, म्हणून त्याच्या मागे पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, पातळ आधार-रिंग असलेली बरी. पॉलियुरेथेन घासायला सर्वांत दणकट, पण त्याच्याही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचं ओलावा आणि उष्णतेने विरघळत जातं, पॉलिइथर जातीचं ओलाव्याला बरंच टिकतं. विक्रेत्याला यातली कोणती जात आहे ते विचारा. उत्तर ‘जर्मन क्वालिटी’ असं आलं तर दुसरा विक्रेता शोधा. कोकण किनारपट्टीच्या हवेत गाडी ठेवणाऱ्याने तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

किट परदेशातूनच मागवावं असंही नाही. रॉडचा व्यास, खाचेचा बाहेरचा व्यास आणि खाचेची उंची, ही तीन मापं व्हर्नियरने घेतली की मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात हायड्रॉलिक सीलचं दुकान गाठता येतं. माप तयार नसेल तर पॉलियुरेथेनच्या नळीतून लेथवर कापून देणारेही असतात. माप जुन्या सीलवरून घेऊ नका, ते आक्रसलेलं असतं. धातूतल्या खाचेवरून घ्या.

बसवण्याचं काम मात्र बारीक आहे. या सिलिंडरांपैकी अनेकांच्या तोंडावरचा ग्लँड आतल्या खाचेतल्या तारेच्या रिंगवर अडकलेला असतो. ग्लँड आधी काही मिलिमीटर आत दाबायचा, मग रिंग मोकळी होते, टोकदार पिकने तिचं एक टोक उचलून ती बाहेर काढायची. रिंग अडकलेली असताना रॉड ओढून ग्लँड बाहेर काढायचा प्रयत्न केला की खाचेची कड सोलवटते आणि सिलिंडर भंगारात जातो. ज्यांची कड गुंडाळून बंद केली आहे ते सिलिंडर घरी उघडूच नयेत, ते लेथचं काम आहे.

नवं यू-कप खाचेत घालायला ते आधी गरम पाण्यात मऊ करायचं, कोरडं करून ऑइल लावायचं, बोटांनी काजूच्या आकारात मुडपून ग्लँडच्या आत सोडायचं आणि खाचेत उघडू द्यायचं. ओठाचं तोंड दाबाच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बाजूला. उलटं बसलं की पहिल्याच फेरीत ऑइल बाहेर. स्क्रूड्रायव्हर अजिबात वापरू नका. ओठावरची केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, पण थेंब टाकत राहते. रॉडच्या टोकाला आटे किंवा धारदार कड असेल तर ग्लँड चढवण्याआधी त्यावर पातळ टेप गुंडाळा.

रॉड नखाने तपासा. नख अडकलं तर खरचटलेला आहे. हलका ओरखडा असेल तर १५०० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून रॉडभोवती गोल फिरवा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. लांबीतल्या रेघा म्हणजे ऑइलला बाहेर यायला केलेल्या वाटा.

एकंदर, लेथवर किंवा हायड्रॉलिक जॅकच्या दुरुस्तीत हात बसलेल्या माणसासाठी सील किट उत्तम. इतरांनी पुढच्या दोन सिलिंडरांपुरतं करून बघायला हरकत नाही. मागचे मात्र कारागिराकडे द्या.

रिबिल्ड सेवा

अमेरिकेत ओरेगन राज्यातली टॉप हायड्रॉलिक्स ही या कामात नाव असलेली कंपनी. अशा सेवा युरोपातही आहेत. पद्धत सगळीकडे सारखीच: सिलिंडर काढून पाठवायचे, ते उघडून, साफ करून, नव्या मालाच्या सीलने बांधून परत येतात. संपूर्ण संचाचा खर्च नव्या सिलिंडरांच्या तुलनेत फारच कमी पडतो, आणि चांगल्या कारागिराने बांधलेला सिलिंडर मूळपेक्षा जास्त टिकतो, कारण सीलचा मालच सुधारलेला असतो. गुंडाळलेल्या कडेचे सिलिंडरही लेथवर उघडून त्यांना नवी पकड करून देतात, हा मोठा फायदा.

सेवा निवडताना हे प्रश्न विचारा. रॉडचं सील कोणत्या मालाचं? दट्ट्याचं सीलही बदलता की फक्त रॉडचं? पाइपच्या टोकांच्या ओ-रिंगा सोबत देता का? चाचणी कशी घेता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हवा भरून पाण्यात बुडवून’ एवढंच असेल तर समाधान मानू नका. सहा-सात बारच्या हवेने बांधणीतली ढोबळ चूक सापडते, चालू दाबावरची गळती सापडत नाही. हँडपंपाने ऑइलचा पूर्ण दाब देऊन, दोन्ही बाजूंनी, काही मिनिटं धरून ठेवणं ही खरी चाचणी. आणि हमी सीलवर आहे की सिलिंडरवर, हे लेखी घ्या. रॉडवर आधीच ओरखडा होता असं नंतर सांगून हात झटकायची सोय ठेवू देऊ नका, त्यासाठी पाठवण्याआधी रॉडचे फोटो काढा.

भारतातून पाठवणाऱ्यांसाठी: ऑइल पूर्ण काढा, टोकं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करा, प्रत्येक सिलिंडर वेगळ्या पिशवीत घाला. ओलं पार्सल कुरिअर परत करतं. पाठवतानाच बिलावर ‘दुरुस्तीसाठी’ असं लिहून कागद करा. दुरुस्तीला गेलेली वस्तू परत आणताना सीमाशुल्क दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं यांवर लागतं, पूर्ण किमतीवर नाही. पण तीच वस्तू परत आली हे पटवून द्यावं लागतं. म्हणून सिलिंडरवरचे कोरलेले नंबर बिलात उतरवा. हा कागद केला नाही तर रिबिल्डची सगळी बचत कस्टममध्येच जाईल.

काढताना आणि बसवताना

इग्निशन बंद करून यंत्रणेतला दाब उतरल्याशिवाय एकही पाइप सोडू नका. पंपावर हाताने उघडायचा व्हॉल्व्ह असेल तर तो सोडा. छत उचलणारे मुख्य सिलिंडर काढण्याआधी छताला लाकडी टेकू द्या, नाहीतर ते स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि बोटं सापडतात. सीटमागचा रोल बार स्प्रिंगच्या जोरावर सेकंदाच्या काही अंशात वर उसळतो, त्याच्या वाटेत डोकं किंवा हात नको. पुढच्या सिलिंडरांसाठी व्हायझर आणि चौकटीचं ट्रिम उतरवावं लागतं. त्याआधी सीट आणि डॅशबोर्ड प्लॅस्टिकने झाका.

प्रत्येक सिलिंडरला दोन पाइप असतात, एक रॉड बाहेर ढकलणारा आणि एक आत ओढणारा. दोन्ही दिसायला सारखेच. दोन रंगांची टेप लावून फोटो काढल्याशिवाय सोडू नका, कारण अदलाबदल झाली की सिलिंडर उलट चालतो आणि झाकण बंद असताना छत खालून जोर लावतं. पाइप नायलॉनचे आणि जुने आहेत. टोकाची क्लिप काढून सरळ ओढा, वाकवलं की फिटिंगच्या मुळाशी तडा जातो. छत कुठवर आलं ते यंत्रणेला कळवणाऱ्या लिमिट स्विचची वायर सुटली किंवा चुकीच्या जागी लागली, तर सगळं नवं असूनही छत मध्येच थांबेल आणि दोष हायड्रॉलिकवर जाईल.

सिलिंडर बाहेर असेपर्यंत गाडी छपराखालीच हवी. हार्डटॉप, म्हणजे वरून बसवायचं कडक छत, चढवून वेळ मारून नेता येईल असं वाटतं, पण तेही याच हायड्रॉलिक लॉकांनी धरलं जातं. पावसाळ्यात हे काम काढायचं तर बंद गॅरेजची सोय आधी करा.

ऑइल

मर्सिडीजचं छतासाठीचं हायड्रॉलिक ऑइल, पार्ट नंबर ए ००० ९८९ ९१ ०३, हेच घ्या. फेबीचं ०२६१५ हा मर्सिडीजच्या एमबी ३४३.० मानकाचा पर्याय आहे. ब्रेक ऑइल चुकूनही नको. ते ग्लायकॉलवर बनलेलं असतं, खनिज ऑइलमध्ये मिसळत नाही आणि या सीलांना फुगवून खराब करतं. हा घोळ होतो याचं एक कारण म्हणजे जुन्या अमेरिकन उघड्या गाड्यांपैकी काहींच्या छतात खरंच ब्रेक ऑइल असायचं, आणि तो सल्ला कुठल्याही गाडीला चिकटवला जातो. गळती थांबवणारी द्रव्यं सील फुगवून काम करतात. भुगा होऊ लागलेलं सील फुगत नाही, तुटतं, आणि ते तुकडे पुन्हा व्हॉल्व्हमध्येच जातात.

टाकीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने काढा, नवं भरा, छताच्या काही फेऱ्या करा, पुन्हा काढा, पुन्हा भरा. ऑइल काळपट किंवा कणीदार निघत असेल तर तिसऱ्यांदा करा. नुसतं वर घालायला एक लिटर पुरतं, असं धुऊन काढायचं तर दोन लिटर जवळ ठेवा. हवा वेगळी काढावी लागत नाही, छत पूर्ण उघडत-मिटत राहिलं की ती टाकीत परत येते. सुरुवातीला चाल धक्क्याधक्क्याने होईल, ते ठीक. या फेऱ्या इंजिन चालू ठेवून करा, पंप बॅटरीवर फार भार टाकतो आणि व्होल्टेज पडलं की छत थांबतं. प्रत्येक फेरीनंतर पंपाला थंड व्हायला वेळ द्या.

पातळी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या छताच्या स्थितीतच बघायची. रॉड बाहेर असताना ऑइल सिलिंडरांत जास्त मावतं आणि टाकीतली पातळी खाली जाते. त्या वेळी कमाल खुणेपर्यंत भरलं, तर रॉड आत जाताच जादा ऑइल टाकीबाहेर येतं आणि डिकीत नवी गळती लागल्याचा भास होतो. काम झाल्यावर टाकीवर पातळीच्या रेषेला मार्करने खूण करा, आणि पंधरा दिवसांनी छत त्याच स्थितीत ठेवून पुन्हा बघा. रेषा हलली नसेल तर ट्रिम कायमचं बसवा, तोपर्यंत दोन-चार स्क्रूंवर राहू द्या. व्हायझर आणि छताच्या कापडावरचं ऑइल घासू नका, कोरड्या कापडाने टिपून घ्या आणि पातळ केलेल्या भांड्यांच्या साबणाने हलक्या हाताने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर कापडाच्या थरांमधलं रबर सुटतं, आणि मग छतच नवं घ्यावं लागतं.